टेव्हिस कपची पशुवैद्यकीय तपासणी: कडक आहे आणि तशीच हवी

कॅलिफोर्नियातल्या टेव्हिस कपमध्ये घोड्याने 24 तासांत 100 मैल कापायचे असतात. 1955 पासून चालत आलेल्या या शर्यतीत निघालेल्या घोड्यांपैकी कित्येकदा जेमतेम निम्मे शेवटच्या ठिकाणी, ऑबर्नला, पोहोचतात. बाकीच्यांपैकी बरेच तपासणीत थांबवले जातात, आणि इथली व्यवस्था आवडते ती नेमकी यासाठीच.

एकेक तासाचे मोठे थांबे दोन: साधारण 36 मैलांवर रॉबिन्सन फ्लॅट, 68 मैलांवर फॉरेस्टहिल. थांब्याचा तास घोडा पोहोचला की लगेच सुरू होत नाही. नाडी ठरलेल्या आकड्यापर्यंत, म्हणजे मिनिटाला साधारण 60 किंवा 64 ठोक्यांपर्यंत, उतरावी लागते. त्यामुळे शेवटचा मैल दामटून काही हाती लागत नाही. थोडं आधीच उतरून घोड्यासोबत चालत येणारे बहुधा लवकर आत जातात. खोगीर काढा, मानेवर आणि पायांच्या आतल्या बाजूला पाणी ओतत राहा. स्टेथोस्कोप डाव्या कोपराच्या मागे लावा आणि 'लब-डब' मिळून एकच ठोका धरा. 15 सेकंद मोजून चारने गुणलं तर एका ठोक्याच्या चुकीने चारचा फरक पडतो, म्हणून निदान 30 सेकंद मोजा.

सगळ्यात उपयोगी चाचणी सीआरआय (कार्डिअ‍ॅक रिकव्हरी इंडेक्स), म्हणजे थोड्या श्रमानंतर नाडी किती लवकर सावरते ते पाहणारी. आधी नाडी मोजतात, मग घोडा 125 फूट दुडक्या चालीने नेऊन परत आणतात. दुडकी सुरू झाल्यापासून बरोबर एक मिनिटाने पुन्हा मोजतात. 60 चे 56 झाले तर उत्तम. 60 चे 68 झाले तर पाणी कमी पडलंय, कुठेतरी दुखतंय किंवा घोडा थकलाय, असा संशय घ्यायचा. सोबतचा घोडा निघून गेल्यामुळे बेचैन झालेल्याचीही नाडी चढते, म्हणून जोडीदाराला जवळच उभं ठेवावं.

याच दुडकीत लंगडणं दिसतं. लगाम आखडून धरला तर डोक्याची हालचाल झाकली जाते आणि पुन्हा पळवायला सांगतात. दोरी सैलच ठेवा.

हिरड्या दाबल्यावर रंग दोन सेकंदांच्या आत परतायला हवा. कातडीची चिमटी लगेच बसायला हवी. आतड्यांचे आवाज दोन्ही कुशींत, वर आणि खाली ऐकतात. इथे मदतनीसांची एक चूक नेहमी दिसते: नाडी उतरवण्याच्या नादात घोड्याला खायलाच देत नाहीत आणि आतड्यांचे आवाज मंदावतात. नाडी पास झाली की लगेच ओलं गवत पुढे करा.

उणीव एकच, तपासणीच्या कार्डावर डॉक्टर देतात त्या ए, बी, सी या श्रेणी. एका डॉक्टरचा 'ए' दुसऱ्याचा 'बी' असू शकतो. सुट्या अक्षराने घाबरू नका. आतड्यांची श्रेणी प्रत्येक थांब्यावर घसरत असेल तर मात्र वेग कमी करा, तो इशारा खरा असतो.

शेवटची रेषा ओलांडल्यावरही तपासणी असतेच. घोडा पुढे जाण्याच्या अवस्थेत आहे असं डॉक्टरांनी ठरवलं तरच शर्यत पूर्ण केल्याचं चांदीचं बक्कल (पट्ट्याचं) मिळतं. पहिल्या दहांतल्या सर्वात सुस्थितीतल्या घोड्याला हॅगिन कप देतात, आणि जाणकारांत त्याचा मान पहिल्या क्रमांकाहून कमी नाही.