‘हेड ट्रॅकिंग किट’ घेताना फसू नका

विमान उडवण्याच्या कॉम्प्युटर सिम्युलेटरमध्ये आपण मान वळवू तसं पडद्यावरचं दृश्य वळवतो तो ‘हेड ट्रॅकिंग किट’. कुडाळच्या एका ग्राहकाने साडेसहा हजारांना घेतलेला असा किट तपासला. आत जुना प्लेस्टेशन ३ आय कॅमेरा, हेडफोनला लावायची तीन एलईडींची क्लिप आणि ‘लाइफटाइम लायसन्स’चा पेनड्राइव्ह. पेनड्राइव्हवर निघालं ओपनट्रॅक, म्हणजे मानेची हालचाल टिपणारं सॉफ्टवेअर! ते कुणालाही फुकट मिळतं. त्याचेच अडीच हजार लावले होते.

खरी मेख कॅमेऱ्यात होती. क्लिपचा उजेड इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, आणि साध्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे इन्फ्रारेड अडवणारी बारीक काच असते. ती काढून पुढे साधा उजेड अडवणारी फिल्म लावावी लागते. जुन्या फ्लॉपीतली काळी चकती चालते. इथे काच जागच्या जागी. एलईडींचे ठिपके अंधुक, खिडकीचा उजेड लख्ख. सिम्युलेटरमध्ये चिपी विमानतळावर उतरताना धावपट्टी शोधायला मान वळवली की कॉकपिटच भिरभिरायचं.

म्हणून पैसे देण्याआधी व्हिडिओ कॉलवर, फिल्म न लावता, कॅमेऱ्याचं चित्र मागा. खिडकीबाहेरची आंब्याची पानं हिरवीगार दिसली तर काच काढलेली नाही; काढली असेल तर ती फिकट गुलाबी दिसतात. मग फिल्म लावून ओपनट्रॅकमध्ये बघा: काळ्या चित्रात तीनच ठिपके हवेत. समुद्राकडची खिडकी असेल तर दुपारनंतर पडदा ओढाच, कारण उन्हातलं इन्फ्रारेड फिल्मला जुमानत नाही.

क्लिपमध्ये वीजप्रवाह आवरणारा रेझिस्टरच नव्हता. यूएसबीच्या ५ व्होल्टवर तीन एलईडी एकामागोमाग जोडले तर साधारण ३९ ओहमचा लागतो, नाहीतर ते तापून जातात. आपल्या खाऱ्या हवेत उघडी तांब्याची तार हिरवी पडते. जोडांवर नेलपॉलिशचा हात द्या.

मुळात किट घेण्याआधी ओपनट्रॅकमधला, चेहऱ्यावरूनच मान ओळखणारा न्यूरलनेट ट्रॅकर घरच्या वेबकॅमवर आठवडाभर वापरून बघा. क्लिप लागत नाही. सेकंदाला ३० फ्रेम असल्या तर हालचाल थोडी मागे पडते, पण आजूबाजूला बघायला पुरते.

पेनड्राइव्हवर सिम्युलेटरला जोडायच्या एका विकतच्या कॅमेरा अ‍ॅड-ऑनची चोरटी प्रतही होती, सोबत ‘अँटिव्हायरस बंद करा’ अशी चिठ्ठी. असली फाइल चालवूच नका.

तक्रार केल्यावर विक्रेत्याने ‘पैसे परत करतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असं कळवलं. यूपीआय पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला कधीच नाही. टाकून बसलात तर त्याच घटकेला १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा; सदोष मालासाठी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. चॅटचे स्क्रीनशॉट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि एसटी पार्सलची पावती जपून ठेवा.