एमआरआयवर दुसरं मत देणारी सेवा : डॉक्टर उत्तम, अपलोडचा मात्र जाच

बहिणीच्या एमआरआयमध्ये एकदम दोन गोष्टी निघाल्या : मेनिंजिओमा म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ, आणि मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम जन्मापासूनच नाही. पहिल्या रिपोर्टात दोन्ही एका ओळीत उरकलेलं. म्हणून ही ऑनलाइन सेवा घेतली.

रेडिओलॉजिस्ट बाईंनी स्क्रीनवर एकेक चित्र उघडून दाखवलं. गाठ मेंदूतली नाही, आवरणातून उगवून मेंदूला बाहेरून दाबते आहे. गॅडोलिनियम हे शिरेतून देतात ते औषध (कॉन्ट्रास्ट) दिल्यावर ती सगळी सारखी उजळते, कडेला शेपटीसारखी रेघही दिसते. मग जे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं ते : मेंदूतल्या पोकळ्यांचा मागचा भाग रुंद आहे तो पाणी साचल्यामुळे नव्हे, जन्मजात रचनाच तशी. शंट, म्हणजे साचलेलं पाणी काढणारी नळी, घालावा लागेल ही आमची धास्ती तिथेच गेली. एकातून दुसरं झालं असं म्हणायला आधार नाही, हेही त्या स्पष्ट बोलल्या. एनएफ२ या जनुकीय आजाराची शंका नको म्हणून श्रवणाच्या नसांवर गाठी नाहीत ना, तेही पाहिलं.

फाइल अपलोड करणं म्हणजे छळ. नुसते फोटो चालत नाहीत, सीडीवरच्या मूळ डायकॉम फाइल लागतात, आणि हे आधी कुठेही लिहिलेलं नाही! लेखी अहवाल सर्जनसाठी आहे, घरच्यांना कळणार नाही. गाठीची ग्रेड, म्हणजे ती किती आक्रमक आहे, हे मात्र इथे विचारू नका; ती काढलेल्या तुकड्याच्या तपासणीतच ठरते.