अमळनेर–जळगाव अप-डाऊन: कानात काय घालावं?

भाच्याला जळगावात नोकरी लागली. अमळनेरहून अप-डाऊन करायचं ठरलं, पास निघाला, डब्याचं ठरलं आणि त्याच रात्री व्हॉट्सॲपवर मला चौदा पॉडकास्टची यादी आली. खाली एकच ओळ: "मामा, यातलं चांगलं कोणतं?"

यादीत शेअर बाजार होता, भुतांच्या गोष्टी होत्या, इंग्रजी शिकवणारे होते, नटनट्यांच्या मुलाखती होत्या. आता यातलं चांगलं कोणतं, ते काय सांगणार? भरीत आणि कळण्याची भाकरी हिवाळ्यात शेतात बसून खायची, मांडे लग्नाच्या पंगतीत. चांगलं दोन्ही, पण वेळ चुकली की दोन्हीचा विचका. मी त्याला उलट विचारलं, "ऐकताना तुझे हात काय करत असतील ते आधी सांग."

मी जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिलच्या ऑफिसात बसतो आणि गेली सहा वर्षं हेच अप-डाऊन करतो. तेव्हा गाडीत काय टिकतं, कामावर काय चालतं आणि काय अजिबात चालत नाही, हे अनुभवाने सांगू शकतो.

गाडीत काय टिकतं

सकाळी अमळनेर सोडलं की टाकरखेडे, धरणगाव, पाळधी आणि मग गिरणेचा पूल. तासाभराचा प्रवास. धरणगावला गर्दी चढते, कुणीतरी सरकायला सांगतं, कुणी पिशवी मांडीवर देतं. मध्येच नेटवर्क जातं. पुलावर गाडी धडधडली की कानातला माणूस ओठ हलवतोय एवढंच वाटतं.

अशा ठिकाणी गप्पांचे पॉडकास्ट सगळ्यात चिवट. पाच मिनिटं हुकली तरी धागा सापडतो. मराठीत 'अमुक तमुक' या चॅनलचं 'खुसपुस' घ्या. ओंकार जाधव डॉक्टर, समुपदेशक अशा जाणकारांना बोलावतो आणि आपल्या घरात ज्या विषयांवर आवाज आपोआप खाली जातो त्यावर सरळ बोलायला लावतो. शेजारच्या सीटवर वडिलांचे मित्र बसलेले असतील तर इअरफोन नीट खोचलाय ना, हे एकदा बघून घ्या. सौमित्र पोटेंच्या 'मित्रम्हणे'त कलावंत मोकळे होतात. तिथे घाई नसते, त्यामुळे संध्याकाळच्या थकलेल्या गाडीला ते बरं. विनायक पाचलगांचं 'थिंक बँक' राजकारण, अर्थकारण आणि समाज यांकडे झुकतं. मी ते सकाळी ऐकतो, कारण संध्याकाळी डोक्यात डाळीच्या भावाशिवाय काही शिरत नाही.

गप्पांचा दोष एकच. पहिली आठ-दहा मिनिटं पाहुण्याच्या कौतुकात जातात. "तुम्ही आलात, खूप आनंद झाला" हे पाळधीपर्यंत चालतं. मी तेवढं सरळ पुढे ढकलतो.

इंग्रजी कळत असेल तर अमित वर्मांचा 'द सीन अँड द अनसीन' हा वेगळाच प्रकार आहे. एकेक एपिसोड कित्येक तासांचा. एक पाहुणा सोमवारी अमळनेरला गाडीत बसतो आणि गुरुवारी जळगावला उतरतो. काहींना ही लांबी सोसत नाही. मला आवडते, कारण चौथ्या तासाला माणूस तयार करून आणलेली उत्तरं संपवून बसलेला असतो.

याउलट गोष्टीचे पॉडकास्ट. अमेरिकेत २०१४ साली 'सीरियल' आला आणि पॉडकास्ट हा शब्द घराघरात गेला. बाल्टिमोरमधल्या १९९९ च्या एका खून प्रकरणाचा माग सारा केनिग १२ एपिसोडमध्ये काढते. ऐकायला जबरदस्त. पण कोण कुणाला किती वाजता भेटलं यावर सगळा डोलारा उभा आहे. धरणगावला एक नाव हुकलं की पुढचा अर्धा तास आपण दुसऱ्याच माणसावर संशय घेत बसतो. मी तीनदा सुरुवात केली, शेवटी रविवारी घरी गच्चीवर बसून ऐकला.

बीबीसीचा '६ मिनिट इंग्लिश' छोटा आणि नेमका. सुरुवातीला एक प्रश्न टाकतात, मधे पाच-सहा शब्द शिकवतात, शेवटी उत्तर देतात. स्टेशनवर गाडीची वाट बघताना दोन होतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी बीबीसीचाच 'इन अवर टाइम' बघावा. १९९८ पासून चालू आहे आणि पंचवीसहून जास्त वर्षं तो मेल्विन ब्रॅग यांनी चालवला. सहसा तीन प्राध्यापक आणि एक विषय, तो इतिहास, विज्ञान, तत्त्वज्ञान यांतला कुठलाही. इंग्रजी मात्र चांगलं लागतं आणि आवाज संथ. सकाळच्या गाडीत जागा मिळाली असेल तर झोप ठरलेली. मी एकदा परतीच्या गाडीत हा लावला. अमळनेर कधी गेलं कळलं नाही, नरडाणा यायला लागलं तेव्हा डोळे उघडले.

कामावर: इथे बहुतेकांचं चुकतं

कानाने ऐकायचं, हाताने काम करायचं, असं वाटणी करून चालत नाही. कामात आकडे किंवा शब्द असतील तर बोलणारा पॉडकास्ट नकोच. मी हे बिलावर शिकलो. कानात कुणीतरी बजेट समजावून सांगत होतं आणि समोर गोण्यांची एंट्री चालली होती. त्याने "पंधराशे तीस" म्हटलं आणि माझ्या बोटांनी १,३५० च्या जागी १,५३० दाबलं. व्यापाऱ्याचा फोन आला तेव्हा मला आधी पॉडकास्ट आठवला, मग बिल. तेव्हापासून एंट्रीच्या वेळी कान रिकामे. फार तर गाणी, तीही पाठ असलेली.

हात गुंतलेले पण डोकं मोकळं असेल तर मात्र पॉडकास्टसारखं काही नाही. माझी बहीण धरणगावला ब्लाउज शिवते. तिचा अनुभव असा की सरळ शिलाई आणि काजं-बटणं करताना वाटेल ते चालतं, पण माप टाकून कापड कापताना फोन बंद. शिवाय मशीनच्या खडखडाटात एकाच वेळी चौघे बोलायला लागले की नुसता कालवा होतो. तिला दोघांच्याच गप्पा लागतात, आणि त्यातही एक आवाज बाईचा, एक पुरुषाचा असेल तर कोण बोलतंय ते मान वर न करता कळतं. इतकी बारीक गोष्ट मला कधी सुचली नसती.

मेहुण्याची केळी चोपड्याकडे. शेतीची लाईट रात्रीची असते तेव्हा तो ड्रिपचे कॉक फिरवायला दोन-तीनदा उठतो. मधल्या वेळेत शेडमध्ये बसून ऐकतो, तेही इअरफोन न लावता. फोन वरच्या खिशात, स्पीकर चालू. रात्री रानात कान झाकायचे नसतात, आवाज कशाचा येतोय ते कळलं पाहिजे. तिथे शांतता आहे, वेळ आहे, नाव हुकायचा प्रश्न नाही. म्हणजे गाडीत फसलेली गोष्ट शेतात रंगते. भुतांच्या गोष्टींचा मात्र त्याने एकदाच प्रयोग केला.

मोटरसायकलवरून जाणाऱ्यांना मी काहीच सुचवणार नाही. महामार्गावर ट्रक मागून येतो तेव्हा कान हाच आरसा असतो.

यूट्यूब, स्पॉटिफाय की अँटेनापॉड?

आपल्याकडे पॉडकास्ट म्हणजे यूट्यूबवर दोन माणसं मोठ्या माइकसमोर बसलेली, असाच समज आहे. मुळात तसं नव्हतं. पॉडकास्ट म्हणजे आवाजाची फाइल आणि तिचा एक उघडा पत्ता. त्या पत्त्यावर नवा एपिसोड पडला की कुठल्याही ॲपला तो उचलता येतो. या पत्त्याला आरएसएस फीड म्हणतात. पॉडकास्ट हा शब्द २००४ साली बेन हॅमर्सली या पत्रकाराच्या लेखात पहिल्यांदा आला आणि २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्ट घेतले, तेव्हा आयपॉडचा जमाना होता. चित्र नंतर आलं.

यूट्यूबचा फायदा उघड आहे, मराठी जवळजवळ सगळं तिथेच. पण साध्या यूट्यूबवर पैसे न भरता स्क्रीन बंद केली की आवाजही बंद. मग फोन उघडा ठेवून खिशात टाकायचा, मांडीला लागून नको ते बटण दबायचं आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर असताना फोन तव्यासारखा तापायचा. त्यावर तोड म्हणजे यूट्यूब म्युझिक. तिथे पॉडकास्ट स्क्रीन बंद ठेवूनही फुकट चालतात. फक्त चॅनलवाल्याने ती प्लेलिस्ट पॉडकास्ट म्हणून नोंदवलेली हवी.

स्पॉटिफायवर फुकट खात्यात गाणी उतरवून घेता येत नाहीत, पॉडकास्ट मात्र येतात, आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. घरी वायफायवर रात्री उतरवून ठेवलं की नेटवर्क गेलं काय नि आलं काय. मराठी कार्यक्रमही तिथे बरेच आहेत. खटकतं ते एवढंच की उघडलं की आधी गाणी समोर येतात. ऐकायला गेलो अर्थकारण आणि दोन मिनिटांनी कानात ढोल.

मी स्वतः अँटेनापॉड वापरतो. अँड्रॉइडवर फुकट, ॲपच्या स्वतःच्या जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही. नवे एपिसोड आपोआप उतरवतं, बोलण्यातल्या रिकाम्या जागा गाळतं. सगळ्यात कामाचं म्हणजे प्रत्येक पॉडकास्टसाठी सुरुवातीचे किती सेकंद वगळायचे ते एकदा सांगून ठेवता येतं. 'खूप आनंद झाला'वर हाच इलाज. तोटा असा की जे फक्त यूट्यूबवर आहे ते इथे मिळत नाही. मराठी ऐकणाऱ्याला हा तोटा लहान नाही. म्हणून मराठी गप्पांसाठी यूट्यूब म्युझिक किंवा स्पॉटिफाय आणि बाकी सगळ्यासाठी अँटेनापॉड, अशी माझी दोन दुकानं आहेत. आपली यादीही अँटेनापॉडमधून फाइल करून बाहेर काढता येते. गुगलने स्वतःचं पॉडकास्ट ॲप २०२४ मध्ये बंद केलं, तेव्हा अशा फाइलची किंमत अनेकांना कळली. आयफोनवाल्यांना ॲपलचं ॲप फोनमध्येच येतं, त्यांनी फार शोधाशोध करू नये.

डेटाचा हिशेब सोपा आहे. १२८ केबीपीएसचा (सेकंदाला किती डेटा लागतो त्याचं हे माप) आवाज तासाला साधारण ५८ एमबी खातो, ६४ चा त्याच्या निम्मा. व्हिडिओ याच्या कितीतरी पट. रोज दोन तास ऐकणाऱ्याने हे एकदा पॅकच्या शेजारी मांडून बघावं.

शोधायचं कसं

ॲपमधल्या 'टॉप' याद्या मी बघत नाही. त्यात जे आधीच सगळ्यांना माहीत आहे तेच असतं. विषय टाकून शोधलं तर ढीग येतो. त्यापेक्षा माणसाचं नाव टाका. तुमचा ज्यांच्यावर विश्वास आहे असे एखादे शेतीतज्ज्ञ, डॉक्टर, लेखक घ्या आणि ते कुठे कुठे पाहुणे म्हणून गेलेत ते बघा. एकच माणूस तीन ठिकाणी ऐकला की होस्टांमधला फरक लख्ख कळतो. एकाकडे ते नुसती भाषणं ठोकतात, दुसऱ्याकडे हसतात आणि तिसरा त्यांना असा प्रश्न विचारतो की ते क्षणभर गप्प होतात. तो तिसरा धरून ठेवायचा.

दुसरी परीक्षा जरा खवचट आहे. नवा पॉडकास्ट हाती लागला की आपल्याला ज्यातलं कळतं त्या विषयाचा एपिसोड आधी ऐकायचा. मी डाळीचा शोधतो. एका गाजलेल्या कार्यक्रमात महागाईवर बोलताना होस्टने तुरीचा भाव आणि तूरडाळीचा भाव एकमेकांसमोर ठेवले आणि मधला फरक सगळा व्यापारी खातो असं ठणकावून सांगितलं. व्यापारी खात नाही असं मी म्हणणार नाही, पगार तिथूनच येतो. पण १०० किलो तुरीतून डाळ निघते ७०-७५ किलो. बाकी चुनी, खंडा आणि भुसा. हा हिशेब त्याने ना सांगितला, ना पाहुण्याला विचारला. डाळीत एवढी चूक करणारा सोन्यात आणि शेअरमध्ये किती करत असेल? मी तो यादीतून काढला. तुम्ही केळीचा ऐका, कापसाचा ऐका, रेल्वेत असाल तर रेल्वेचा ऐका.

डब्यातल्या पासवाल्यांना विचारायलाही लाजू नका. समोरच्या सीटवरचे एक आबा पूर्वी सकाळी आकाशवाणी लावून यायचे. आता माझ्याकडे बघून विचारतात, "हाई काय शे?" मी एक इअरफोन त्यांच्याकडे देतो. पाच मिनिटांत त्यांनी परत केला तर मी तो पॉडकास्ट पुन्हा एकदा तपासून बघतो. माझ्याकडून उगाच पास झालेले दोन-तीन त्यांच्यामुळे गळाले.

भाच्याला शेवटी मी चौदातले दहा खोडायला लावले. सकाळी धरणगावपर्यंत '६ मिनिट इंग्लिश', पुढे 'थिंक बँक', संध्याकाळी 'मित्रम्हणे'. ऑफिसात काही नाही. शेअर बाजाराचा एक त्याने हट्टाने ठेवला, पहिल्या पगारापर्यंत ठेव म्हटलं. काल त्याचा मेसेज आला: एक इअरफोन पाळधीच्या गर्दीत पडला, आता एकाच कानाने ऐकतोय, आणि स्टेशनची अनाउन्समेंट पहिल्यांदाच नीट ऐकू आली.