आठ तासांचा ऑनलाइन कोर्स की 'इको'ची सत्रं?

नियंत्रित औषधं लिहून द्यायला लागणाऱ्या डीईए नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली की अमेरिकेतल्या आपल्या नव्या फॅमिली डॉक्टरांचा हा प्रश्न हमखास येतो: ओपिऑइडच्या (हेरॉइन, फेंटानिलसारख्या पदार्थांच्या) व्यसनावरील उपचाराचं प्रशिक्षण ऑनलाइन उरकावं, की प्रोजेक्ट इकोला, म्हणजे तज्ज्ञांसोबतच्या व्हिडिओ सत्रांना, बसावं? मी दोन्ही केलंय. एक्स-वेव्हर, म्हणजे या व्यसनावरचं ब्युप्रेनॉर्फिन हे औषध लिहून द्यायला लागणारी वेगळी परवानगी, डिसेंबर 2022 च्या कायद्याने गेला, रुग्णसंख्येची मर्यादाही गेली. 27 जून 2023 पासून एकदाच दाखवायच्या आठ तासांच्या प्रशिक्षणाची अट तेवढी आहे. नुसती अटच भागवायची असेल तर कोर्स घ्या. फुकटातले मिळतात, रात्री मुलं झोपल्यावर होतात.

कोर्स वाईट नसतात. मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन, नालट्रेक्सोन या औषधांतलं कुणाला काय द्यायचं हे डोक्यात नीट बसतं. आवाज संपेपर्यंत पुढे न सरकणारी स्लाइडही मी सहन केली. मला खटकलं ते वेगळंच. जिथे अडतं, तिथे नेमकं एकच वाक्य: 'व्यसनोपचार तज्ज्ञांचा सल्ला घ्या.' रुग्ण गरोदर आहे? तज्ज्ञ. सोबत बेन्झोच्या (चिंतेवरच्या, झोपेच्या) गोळ्या चालू आहेत? तज्ज्ञ. अहो, तज्ज्ञ हाताशी असते तर हे काम आमच्याकडे आलंच कशाला असतं! माझ्या क्लिनिकला जवळचा म्हणावा असा तज्ज्ञ पलीकडच्या काउंटीत बसतो, आणि त्याची वेळ मिळेपर्यंत रुग्ण टिकेल याची हमी कोण देणार?

त्यातून कोर्समधला रुग्ण भलताच गुणी. हेरॉइन घेतो, शेवटचा डोस कधी घेतला ते बरोबर सांगतो, विथड्रॉवल (नशा तुटल्यावरचा त्रास) पुरेसं सुरू झालं की दारात हजर. आमच्याकडे येतात ते फेंटानिलवाले. नेहमी घेणाऱ्याच्या चरबीत फेंटानिल साठतं आणि सावकाश उतरतं, त्यामुळे दिवसभर थांबूनही ब्युप्रेनॉर्फिनच्या पहिल्याच डोसला विथड्रॉवलचा त्रास उसळू शकतो. एकदा असा पोळलेला माणूस त्या औषधाचं नाव काढू देत नाही.

इकोचा जन्मच तज्ज्ञांच्या टंचाईतून झाला. न्यू मेक्सिकोत हिपॅटायटिस सी साठी रुग्णांना लांबून अल्बुकर्कीला यावं लागे आणि नंबर लागायला महिने जात. 2003 मध्ये डॉ. संजीव अरोरांनी व्हिडिओवरून गावोगावच्या डॉक्टरांनाच तयार करायला घेतलं. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनेही व्यसनोपचारासाठी हीच पद्धत उचलली आहे. थोडं व्याख्यान, बाकी वेळ आपापल्या केसेस, रुग्णाचं नाव न घेता.

मी एकदा एका रुग्णाच्या लघवीचा रिपोर्ट मांडला: ब्युप्रेनॉर्फिन भरपूर, पण शरीरात त्यापासून तयार होणारं नॉरब्युप्रेनॉर्फिन जवळजवळ नाहीच. पडद्यावरच्या फार्मासिस्ट बाई लगेच म्हणाल्या, "जिभेखाली ठेवायची औषधाची फिल्म तोंडात गेलेली दिसत नाही, नमुन्यात बुडवलीय. पण त्याला काढून टाकू नका. औषध जातंय कुठे, ते विचारा." विचारलं. बायकोला जात होतं. तिचंही व्यसन तेच, आणि तिच्याकडे विमा नव्हता. पुढे दोघांनाही उपचारांवर घेतलं.

इकोचे तोटे आहेतच. वेळ ठरलेली, बहुधा ऐन जेवणाच्या सुट्टीत. एखाद्या आठवड्यात आपल्या उपयोगाचं काहीच निघत नाही. सत्रांना मान्यताप्राप्त सीएमई (डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाचं श्रेय) असेल तर ते तास आठांत धरता येतात, पण ते आधी विचारून घ्यावं लागतं. शिवाय शहरात मोठ्या हॉस्पिटलशी जोडलेलं क्लिनिक असेल, खालच्याच मजल्यावर व्यसनोपचार विभाग असेल, तर माझा अनुभव तुम्हाला कदाचित लागूही पडणार नाही.

तारीख तोंडावर आली असेल तर कोर्स करून मोकळे व्हा, त्यात कमीपणा काही नाही. सवड असेल तर मी इकोच म्हणेन. फक्त क्लिनिकच्या मॅनेजरकडून तो तास आधीच ब्लॉक करून घ्या. एकदा तिथे रुग्ण लागले की कुणी सोडवून देत नाही.