इंटेल आणि एआरएम: आठ महिने दोन्हींवर गणित चालवून पाहिलं

गेले आठ महिने माझं सांख्यिकीचं काम दोन मशीनवर शेजारी शेजारी चालू आहे: लिनक्स टाकलेला इंटेलचा डेस्कटॉप आणि अ‍ॅपलच्या एम२ या एआरएम जातीच्या चिपचं मॅकबुक. आर ही सांख्यिकीची भाषा आणि नमपाय हे पायथनमधलं गणिताचं पॅकेज रोज लागतात.

आधी वेगाबद्दल. पहिले दोन आठवडे मॅकबुकने निराश केलं. मग अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर उघडला, तर पायथनसमोर ‘इंटेल’ लिहिलेलं. जुन्या मॅकवरून जसंच्या तसं उचलून आणलेलं पायथन रोझेटा २ मधून, म्हणजे इंटेलचे प्रोग्रॅम एआरएमवर चालवणाऱ्या अ‍ॅपलच्या अनुवादकातून, भाषांतरित होऊन चालत होतं. एआरएमची आवृत्ती टाकली आणि तक्रार मिटली. आरचं दुखणं निराळं. मॅकवर ते मुळात साधं रेफरन्स ब्लास (ब्लास म्हणजे मॅट्रिक्सची गणितं करणारी लायब्ररी) घेऊन येतं, अचूक पण संथ. त्याजागी अ‍ॅपलच्या अ‍ॅक्सलरेटमधलं व्हेकलिब हे वेगवान ब्लास जोडलं आणि मोठ्या मॅट्रिक्सच्या गुणाकारात जमीन-अस्मानाचा फरक पडला. डेस्कटॉपवर ओपनब्लास, तेही वेगवान ब्लास, आधीपासून होतं. ब्लास कोणतं ते न सांगता केलेली चिपची तुलना मी आता वाचतच नाही.

पण लिहायला बसलो ते उत्तरांसाठी. इंटेलवर कित्येक वर्षं पास होणारी माझ्या कोडची एक टेस्ट मॅकबुकवर नापास झाली. दोन दिवस खोदल्यावर मूळ एवढंसं निघालं: १०चा सोळावा घात, मग १, मग तोच घात उणे, या तिघांची आरमध्ये बेरीज. इंटेलवर १ येतो, मॅकबुकवर ०. संख्या साठवायचा नेहमीचा प्रकार डबल, पण आर बेरजेसाठी लाँग डबल वापरतं. इंटेलवर त्यात अंकांसाठी ६४ बिट असतात, एवढ्या जागेत तो १ टिकतो. अ‍ॅपलच्या एआरएमवर लाँग डबल म्हणजे साधा डबलच, ५३ बिटांचा. तिथे १ गळून पडतो.

दुसरं प्रकरण एफएमएचं: गुणाकार-बेरीज एका दमात, मधे राउंडिंग नाही. ६४ बिटांच्या एआरएममध्ये ते मूळ सूचनासंचातच आहे, त्यामुळे कम्पायलर (कोडचं चिपच्या सूचनांत रूपांतर करणारे प्रोग्रॅम) ते सर्रास वापरतात. इंटेलसारख्या चिपसाठीच्या सर्वसाधारण एक्स८६-६४ बिल्डमध्ये ते नसतं. ०.१ गुणिले १० वजा १ नेहमीच्या रीतीने नेमकं शून्य. एफएमएने १०च्या उणे सतराव्या घाताच्या सुमारे ५.५५ पट. हे उत्तर चुकीचं नाही, ०.१ बायनरीत नेमका मावत नाही ती कसर त्यात दिसते. पण शून्याशी थेट तुलना करणाऱ्या माझ्या सगळ्या अटी एकेक करून बदलाव्या लागल्या.

रोजचं काम आता मॅकबुकवरच करतो. बाहेर जाणारा प्रत्येक निकाल मात्र दोन्हीकडे चालवतो, आणि आठव्या-नवव्या अंकापाशी फरक दिसला तर ते सूत्र नव्याने मांडतो.