बनफशा घेताना बरणी उघडायला सांगा

खोकल्याच्या काढ्यासाठी दादर स्टेशनबाहेरच्या एका काष्ठौषधींच्या दुकानातून ज्येष्ठमध, अडुळसा आणि 50 ग्रॅम बनफशा (वाळवलेलं व्हायोलेट) आणला. ज्येष्ठमध जाड, गोड, अजिबात किडका नाही. अडुळसाही ठीक. बनफशाबद्दल मात्र बोलायला हवं.

मी मागितला होता गुल बनफशा, म्हणजे नुसती फुलं, आणि भावही फुलांचाच लावला: 120 रुपये. घरी पुडी वर्तमानपत्रावर ओतली तर निम्म्याहून जास्त पानं, देठ आणि चक्क मुळं! कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेलं, त्यामुळे भिंग घेऊन बसलेच. माल खोटा नाही, हे आधी सांगते. बनफशा म्हणून व्हायोलाच्या, म्हणजे व्हायोलेटच्या, एकाहून अधिक जाती विकतात. ही व्हायोला पायलोसा वाटली. पानं हृदयाच्या आकाराची, कडेला बारीक दाते. फूल पाण्यात भिजवून उलगडलं तर पाच पाकळ्या, खालच्या पाकळीला मागे मकरंदाची इवलीशी नळी. काही बोंडं तीन फाकांत उकललेली, आत बिया. बीच्या टोकाला पांढरट तेलकट गाठ असते. जंगलात मुंग्या तिच्यासाठी बी ओढून नेतात, गाठ खातात आणि बी टाकून देतात. रोप पसरतं ते असं.

म्हणून ती मुळं बघून जीव चरफडला. हिमालयात साधारण 1,500 ते 2,500 मीटरवर, बांज (तिकडचा ओक) आणि देवदारांच्या सावलीत, ओलसर पालापाचोळ्यात हे वाढतं. फुलं खुडली तर रोप राहतं. मुळासकट उपटलं की संपलंच. दुकानात विचारलं तर म्हणाले, "ताई, सगळ्याचा गुण एकच." असेलही. मग पानांना फुलांचा भाव का?

शिवाय माल जुना. व्हायोलेटच्या फुलांचं सरबत आम्लाने लाल होतं, हे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलने 1664 साली छापलंय. मी नुसती फुलं निवडून उकळली, वर लिंबू पिळलं. पाणी आपलं पिवळट तपकिरी ते तपकिरीच. रंग कधीच उडालेला. वासही नाही.

ज्येष्ठमधाला पुन्हा याच दुकानात जाईन. बनफशा घ्यायचा असेल तर आधी मूठभर कागदावर ओतायला लावा, बरणीच्या तळाचा चुरा घेऊ नका. आणि सकाळी जा. संध्याकाळी लोकलच्या गर्दीत तिथे कोणी बरणीचं झाकणसुद्धा उघडून दाखवत नाही.