लग्नाचे रॉ फोटो छाटायला फास्ट रॉ व्ह्यूअर: अख्खा सीझन वापरून झाल्यावर

तुळशीचं लग्न झाल्यापासून मे संपेपर्यंत हे सॉफ्टवेअर जवळजवळ रोज चालू होतं, तर आता लिहायला हरकत नाही. आधी माझं काम काय ते सांगतो म्हणजे तुमच्या कामाशी जुळतं का ते कळेल. सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात लग्नं करतो, सोनीच्या दोन ए सेव्हन थ्री बॉडी, सगळं रॉमध्ये (म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाईल), मी आणि एक असिस्टंट पोरगा एवढाच कारभार. ज्यांचं जेपेगवर भागतं त्यांना यातलं काहीही लागत नाही, विंडोजमध्ये जे फुकट येतं ते बास आहे.

हळद, सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन धरून एका कार्यक्रमाचे दोन-तीन हजार फ्रेम सहज होतात आणि पार्टीला, म्हणजे लग्नघरच्यांना, सिलेक्शनला द्यायचे असतात पाच-सहाशे. हे मधलं छाटायचं काम एडिटिंगपेक्षा जास्त वेळ खातं आणि त्याचे वेगळे पैसे कोणी देत नाही. पूर्वी मी पण सगळ्यांसारखं डायरेक्ट लाईटरूम क्लासिकमध्ये (ॲडोबीचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर) ओढायचो. आता लाईटरूमला नावं ठेवायची नाहीत मला, एडिटिंग आजही त्यातच होतं, पण त्याची पद्धतच अशी आहे की प्रत्येक फोटोची कॅटलॉगमध्ये, म्हणजे स्वतःच्या नोंदवहीत, नोंद करणार, रॉ उघडून त्यावर प्रोफाईल लावणार, प्रिव्ह्यू बनवून ठेवणार, आणि झूम केलं की वन टू वन, म्हणजे पूर्ण साईजचा, प्रिव्ह्यू परत वेगळा. ठेवायच्या फोटोसाठी हे ठीक आहे हो, पण चार फोटोतले तीन आपण टाकणारच असतो, फेकायच्या भाजीला फोडणी कशाला द्यायची?

मग शोधाशोध सुरू केली आणि तिथे पहिली गोष्ट कळली ती ही की "फास्ट" म्हणवणारे बहुतेक व्ह्यूअर रॉ दाखवतच नाहीत. प्रत्येक रॉ फाईलच्या पोटात कॅमेऱ्याने एक तयार जेपेग ठेवलेला असतो, कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर आपण बघतो तोच, आणि हे व्ह्यूअर तोच उचलून समोर ठेवतात. फोटो मेकॅनिक या व्ह्यूअरचा वेगही बराचसा त्यातूनच येतो, आणि पेपरवाले आणि स्पोर्ट्सवाले उगाच नाहीत वापरत ते, मॅच चालू असताना फोटो निवडून कॅप्शन टाकून पाठवायचा असेल तर त्याला तोड नाही. एक्सएनव्ह्यू, फास्टस्टोन हे फुकटवाले पण नेहमीच्या सेटिंगला रॉ फाईलचं हेच करतात. लाईटरूममध्येही इम्पोर्ट करताना एम्बेडेड प्रिव्ह्यूचा, म्हणजे तोच पोटातला जेपेग वापरायचा, पर्याय आहे, बऱ्याच जणांना माहीत नसतो, जरूर लावून बघा.

गोम अशी आहे की तो पोटातला जेपेग केवढा असतो ते कॅमेऱ्यावर अवलंबून. निकॉन-कॅननच्या बहुतेक बॉडीत पूर्ण साईजचा असतो, तुम्ही शंभर टक्के झूम केलं तरी खरं डिटेल दिसतं. माझ्या ए सेव्हन थ्रीमध्ये तो १६१६ बाय १०८० चा असतो आणि फोटो आहे ६००० बाय ४००० चा! म्हणजे झूम केलं की तो छोटा जेपेग नुसता ताणून दाखवला जातो, फोकस आहे की नाही हे देवालाच माहीत. निकॉनवाला मित्र सांगतो फोटो मेकॅनिक घे, भारी आहे, आणि त्याचं बरोबरच आहे, त्याच्या कॅमेऱ्याला. सोनीच्या या जुन्या बॉडीवाल्यांना मग एक तर रॉ प्लस जेपेग शूट करायला लागतं, म्हणजे कार्ड लवकर भरणार, नाहीतर खरोखर रॉ उघडणारा व्ह्यूअर लागतो. म्हणून मी फास्ट रॉ व्ह्यूअरकडे आलो.

हे लिबरॉवाल्यांचं सॉफ्टवेअर आहे. लिबरॉ म्हणजे रॉ फाईल वाचायची लायब्ररी, डिजिकॅम या फोटो सॉफ्टवेअरमध्ये तीच आहे, मायक्रोसॉफ्टचं रॉ इमेज एक्स्टेंशन पण तिच्यावरच बेतलेलं. तिचं मूळ डेव्ह कॉफिनच्या १९९७ च्या डीसीरॉ या रॉ वाचायच्या प्रोग्राममध्ये. म्हणजे रॉ वाचण्यात ही मंडळी नवखी नाहीत. यात इम्पोर्ट नाही, कॅटलॉग नाही, फोल्डर उघडा आणि सुरू. ग्राफिक कार्ड वापरून खरा रॉ उघडतं आणि तुम्ही एक फोटो बघताय तोवर पुढचा आधीच वाचून ठेवतं, त्यामुळे बाणाची की दाबली की फोटो हजर.

याचा फायदा नेमका कुठे होतो ते सांगतो. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट बाजूला होतो, अक्षता पडतात आणि हार घालतात, हे सगळं जेमतेम अर्ध्या मिनिटात उरकतं. तेव्हा आपण सेकंदाला दहाच्या स्पीडने बटण दाबून धरलेलं असतं. हवेत तांदूळच तांदूळ, आणि ऑटोफोकस कधी नवरीच्या चेहऱ्यावर तर कधी मध्येच आलेल्या अक्षतांवर. छोट्या प्रिव्ह्यूत सगळेच फ्रेम कडक दिसतात. खरा रॉ शंभर टक्क्यावर बघितला आणि फोकस पीकिंग चालू केलं की रंगीत रेघा मुंडावळ्यांच्या मोत्यांवर आणि पापण्यांवर येतायत का समोर उडणाऱ्या चार दाण्यांवर येतायत ते तिथल्या तिथे कळतं. पीकिंगचे दोन प्रकार आहेत, एक ठळक कडांचा आणि एक बारीक डिटेलचा, लग्नाला दुसरा वापरा, पहिल्यात शालूची जर पण चमकते आणि सगळंच फोकसमध्ये वाटतं. त्या अर्ध्या मिनिटाच्या फ्रेम छाटायला पूर्वी चहा संपायचा, आता उकळायच्या आत होतं.

दुसरी गोष्ट हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत किती भाग गडद आणि किती उजळ ते दाखवणारा आलेख. कॅमेऱ्यावर जो हिस्टोग्राम दिसतो तो जेपेगचा असतो, रॉचा नाही, हे आपल्या लाईनमध्ये बऱ्याच जणांना अजून पटत नाही. हळदीला सकाळी अंगणात ऊन, नवरी पिवळी, साडी पिवळी, झेंडूची माळ, आणि कॅमेरा बोंबलतोय की लाल चॅनल फुटला, म्हणजे लाल रंग इतका उजळ झाला की त्यात डिटेलच उरलं नाही. दिवसाच्या उजेडात व्हाईट बॅलन्स करताना कॅमेरा लाल चॅनलला जवळपास दुपटीने वाढवतो, त्यावर पिक्चर स्टाईलचं सॅच्युरेशन, त्यामुळे जेपेगमध्ये फुटलेला लाल रॉमध्ये बऱ्याचदा शाबूत असतो. फास्ट रॉ व्ह्यूअर रॉचा हिस्टोग्राम दाखवतं, चॅनलवार किती टक्के भाग खरंच जळालाय त्याचे आकडे पण देतं. हळदीचे असे कितीतरी फ्रेम, जे मी स्क्रीनवर बघून टाकून दिले असते, ते राहिले. आणि उलटंही होतं बरं का, नवरदेवाचा पांढरा फेटा जेपेगमध्ये ठीक दिसतो आणि आकडे सांगतात की तिथे काही उरलेलं नाही. सावलीतलं बघायला शॅडो बूस्ट आहे, मांडवातल्या मागच्या रांगेतल्या आज्जी वर काढता येतील का हे एका कीवर कळतं.

टाकायचे फोटो ते डिलीट करत नाही, त्याच फोल्डरमध्ये रिजेक्टेडचा सबफोल्डर करून त्यात सरकवतं. हे मला फार आवडलं, कारण दोन महिन्यांनी मामांचा फोन येतोच, "माझा एकपण फोटो नाही". मी पहिल्या फेरीत फक्त टाकतो, चांगलं काय याचा विचारच करत नाही. दुसऱ्या फेरीत स्टार देतो. दोन्ही एकदम करायला गेलं की हात थांबतो आणि वेग जातो, मग सॉफ्टवेअर कितीही फास्ट असो.

आता वेगाबद्दल एक कडू गोष्ट. अनकॉम्प्रेस्ड रॉ असेल तर माझी एक फाईल ४७-४८ एमबीची होते. जुन्या यूएसबी टू च्या कार्ड रीडरमधून सेकंदाला तीस-पस्तीस एमबी आलं तरी खूप झालं, म्हणजे एक फोटो वाचायलाच सेकंदापेक्षा जास्त, यात सॉफ्टवेअर काय करणार? साध्या फिरत्या हार्ड डिस्कवर शंभरेक एमबी, म्हणजे सेकंदाला दोन फोटो. त्यामुळे कार्डवरून किंवा बॅकअपच्या डिस्कवरून छाटत बसू नका, डेटा आधी लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर कॉपी करा, तिथून बघा, आणि रॉ कॉम्प्रेस्ड ठेवा, साईज निम्मी होते आणि लग्नाच्या कामात फरक मला तरी दिसलेला नाही. नवीन सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी एसएसडी घ्या असं मी कोणालाही सांगेन, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

आता न आवडलेलं. दिसायला अगदी रुक्ष आहे, सगळीकडे पॅनल आणि आकडे, असिस्टंट पोरगं पहिल्यांदा बघून म्हणालं, "दादा हे हॉस्पिटलचं मशीन आहे का?" सेटिंगची यादी वाचायला एक रविवार द्यावा लागतो, पण शॉर्टकट सगळे बदलता येतात, मी डाव्या हाताखाली घेतलेत. रंग कॅमेऱ्याच्या जेपेगसारखे येत नाहीत, जरा कोरडे वाटतात, त्यामुळे पार्टी शेजारी बसली असेल तर हे उघडू नका, "चेहरे काळे आलेत" ऐकायला लागेल. चेहरे ओळखणं, डोळे मिटलेले शोधणं असलं काही यात नाही. कॅटलॉग नसल्यामुळे मागच्या वर्षीचा फोटो शोधायला उपयोग शून्य. विंडोज आणि मॅकवर चालतं, लिनक्सवर नाही. लिनक्सवाल्यांनी गीकी नावाचं व्ह्यूअर बघावं, पण तेही नेहमीच्या सेटिंगला पोटातला जेपेगच दाखवतं.

एआयने छाटणारी पण एक-दोन वापरून पाहिली, नावं घेत नाही. मोठ्या ग्रुप फोटोत कोणाचे डोळे मिटलेत ते शोधायला मदत होते, पण आपल्या लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी नवरी मान खाली घालून उभी असते, पापण्या झुकलेल्या, आणि तोच तर अल्बमच्या पहिल्या पानाचा फोटो. त्यांनी तो "डोळे बंद" म्हणून बाजूला टाकला. पाठवणीला रडणाऱ्या आईचंही तेच. ज्याला रोज दोन इव्हेंट उरकायचेत त्याने घ्यावं, मला ते परत तपासायचंच काम जास्त झालं.

पैशाचं म्हणाल तर फास्ट रॉ व्ह्यूअर एकदाच विकत घ्यायचं आहे, आणि फोटो मेकॅनिकच्या मानाने फारच स्वस्त, त्यांच्याकडे आता सबस्क्रिप्शन पण आलंय. पेमेंट डॉलरमध्ये आहे, कार्डवर इंटरनॅशनल चालू करून ठेवा नाहीतर तिथेच अडकाल. दोन्हींचा ३० दिवसांचा ट्रायल मिळतो, तो सीझन नसताना घेऊन वाया घालवू नका, हातात ताजं लग्न असताना टाका. निकॉन-कॅननवाले असाल, त्याच दिवशी फोटो पाठवायचे असतील, कॅप्शन-नावं भरायची असतील तर फोटो मेकॅनिकच घ्या, मी भांडणार नाही.

आणि लाईटरूममध्ये नेताना एवढं बघा. स्टार आणि रंगाचे लेबल हे फाईलशेजारी एक्सएमपी नावाच्या छोट्या माहितीच्या फाईलमध्ये लिहिलं जातं आणि इम्पोर्ट केलं की लाईटरूम ते आपोआप उचलतं, हवं तर एक्स्पोजर आणि व्हाईट बॅलन्सचा बदल पण जातो. पण छाटणी इम्पोर्टच्या आधी करा. आधी इम्पोर्ट करून मग इकडे स्टार दिलेत तर लाईटरूम ते आपोआप उचलत नाही, तिथे फोटो सिलेक्ट करून मेटाडेटा फाईलमधून परत वाचायला सांगावं लागतं, आणि रिजेक्टेडमध्ये सरकवलेले फोटो तिथे हरवलेले दिसतात. लेबलचं तर अजून एक आहे, लाईटरूम रंग नाही तर लेबलचं नाव जुळवतं, दोन्हीकडे नावं सारखी नसली तर तुमचं लाल लेबल तिकडे पांढरं दिसतं. लाईटरूमच्या मेटाडेटा मेनूत कलर लेबल सेट आहे, तिथली नावं आणि इकडची नावं अक्षर न अक्षर सारखी करून घ्या.